कॅचरचा मिट, म्हशीची वादी आणि फेब्रुवारीतल्या बातम्या

चार स्टार, कातड्याचं काम करणाऱ्या मामांच्या दुकानाला. पाचवा अकरा दिवसांपायी कापलाय, आणि तसं मामांना तोंडावर सांगूनच कापलाय. ते म्हणाले, "कापा की सर. आमचं तर कामच कापायचं हाय."

दुकानाला पाटी नाही. सोलापुरात विजापूर वेशीकडून आत शिरलं की एका बोळात, पिठाच्या गिरणीला लागून, पत्र्याचं एक खोकं आहे. बाहेर टांग्याचं जुनं चाक टेकवलेलं असतं, तीच खूण. मामांचे वडील टांग्याचं सामान करायचे. टांगे गेले तसे हे तबल्या-ढोलकीच्या वाद्या, म्हणजे कातड्याच्या पट्ट्या, ओढायला लागले. आता दप्तरं, पट्टे, ट्रॅक्टरच्या सीटा, जे येईल ते करतात. नाव लिहायचं नाही अशी त्यांची अट आहे, कारण नाव झालं की लोक चपला घेऊन येतात आणि चपला त्यांनी गुडघ्यांमुळं सोडल्यात. तेव्हा चपला घेऊन जाऊ नका.

मी एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि पोरांना बेसबॉल शिकवतो. सोलापुरात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. बेसबॉलची बॅट आपल्याकडं लोकांनी पिक्चरमधल्या गुंडाच्या हातातच बघितलेली. पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे, सॉफ्टबॉलही आहे, आणि आमच्याकडं चौदा पोरं, अकरा ग्लोव्ह आणि कॅचरचा मिट एक, असा संसार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिचर म्हणजे बॉल टाकणारा, कॅचर म्हणजे त्याचा बॉल झेलणारा, आणि मिट म्हणजे बोटं नसलेला ग्लोव्ह. क्रिकेटच्या विकेटकीपरसारखे दोन नाहीत, एकाच हातात, गोल, जाड, मधे खोलगट. अंगठा आणि पंजाच्या मधे कातड्याची जाळी. सगळा सांगाडा एका लांब वादीनं ओवलेला असतो. वादी गेली की मिट गेला.

आमची वादी गेली ती गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, जानेवारीत. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच उठला होता, होम मैदानावरचे पाळणे उतरवायचं काम चालू होतं. सकाळच्या सरावात पिचरनं टाकलेला बॉल मिटमध्ये गेला आणि थांबलाच नाही. जाळी फाडून थेट कॅचरच्या मास्कवर आदळला. पोरगा नववीतला, साखर पेठेतला, आई घरी विड्या वळते. मास्क होता म्हणून वाचला. पण तो रडला ते मिटसाठी. "सर, मी काय केलं नाही हो, आपोआप झालं."

चूक माझी होती. क्रीडासाहित्याची आमची खोली पत्र्याची. एप्रिल-मे महिन्यांत तिथं मिट पडून राहिला. घामाचं मीठ आणि सोलापूरचं कोरडं ऊन, दोन्ही मिळून कातड्यातलं तेल शोषून घेतात. वादी बाहेरून धडधाकट दिसते, वाकवली की आतून पापडासारखी मोडते.

मग शोध सुरू झाला. एका खेळाच्या दुकानात सांगितलं, दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या, साडेचार हजार. ऑनलाइन थोडा स्वस्त दिसला म्हणून मागवला, तर आला तो डावखुऱ्याचा. उजव्या हातानं फेकणाऱ्याला मिट डाव्या हातात लागतो, हे विकणाऱ्याला मी तीन वेळा लिहून कळवलं, तिन्ही वेळा त्यानं माफी मागितली आणि तिसऱ्यांदा परत डावखुऱ्याचाच पाठवला. पैसे परत मिळाले, म्हणून पुढचं बोलत नाही. शेवटी आमच्या शाळेत तबला शिकवणारे गुरुजी म्हणाले, "वादीचंच काम आहे ना? मग आमच्या माणसाकडं जा."

मी आणि आमचा कॅचर दोघं गेलो. मामांनी मिट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. मग विचारलं, "ह्यात काय धरतात?" मी बॉल काढून दिला. त्यांनी आधी बॉलच बघितला. लाल दोऱ्याच्या शिवणीवर अंगठ्याचं नख ठेवून एकेक टाका मोजत गेले. आम्ही उभे. गिरणीचा आवाज चालू. पोरगा माझ्याकडं बघतोय, मी पोराकडं. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाले, "एकशेआठ. माळ हाय की सर ही."

खरंच १०८ असतात, दुहेरी टाके. अमेरिकेच्या मोठ्या लीगचे बॉल कोस्टारिकात बनतात, आणि तेही माणसं हातानंच शिवतात. हे मी सांगितलं तेव्हा मामांना पहिल्यांदा या खेळात रस वाटला. तोवर ते मला चादरीच्या कारखान्याचा एजंट समजत होते.

पुढं त्यांनी जे केलं त्यासाठी मी दोन स्टार वेगळे देईन. मिट पोराच्या हातात घालायला लावला आणि मला म्हणाले, "टाका. मला बगू द्या कुठं बसतोय ते." बोळात! गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका बाजूला सरकल्या. जाळी सुतळीनं तात्पुरती बांधली आणि मी हळूच दहा-बारा बॉल टाकले. मामा डोळे मिटून ऐकत होते. चांगल्या मिटमध्ये बॉल बसला की फट्ट असा कोरडा, मोकळा आवाज येतो. आमचा ढप्प वाजत होता. "वादी तर गेलीच," ते म्हणाले, "पण आतलं भरणबी एका बाजूला पळालंय. तबल्याची शाई फुटल्यावानी बोलतंय." वादी बदलायचे साडेतीनशे, उसवून भरण सारखं करायचे दीडशे. पाचशे रुपये. कधी मिळेल? "उद्या या."

आता अकरा दिवसांचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी गेलो, मिट खिळ्याला टांगलेला. तिसऱ्या दिवशी खिळ्यावरून फळीवर आला होता. चौथ्या दिवशी मामा लग्नाला गेलेले आणि दुकानात त्यांचा मुलगा, त्याला काहीच माहीत नाही. मी रोज शाळा सुटल्यावर जायचो, बाकड्यावर बसायचो, आणि वेळ घालवायला मोबाईलवर माझ्या संघाच्या बातम्या वाचायचो.

माझा संघ म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स. हे ऐकून बेसबॉल जाणणारा माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवतो. १९९३ ते २०१२, सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा हरलेला संघ आहे हा. पण २००८ च्या नोव्हेंबरमध्ये रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना याच संघानं करारबद्ध केलं. आयुष्यात बेसबॉल न खेळलेली दोन पोरं, एका स्पर्धेत वेगानं फेकून दाखवलं म्हणून निवडलेली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. मी तेव्हा कॉलेजात सॉफ्टबॉल खेळत होतो. बातमी वाचली आणि संघ ठरला. पुढं रिंकू कुस्तीच्या रिंगणात गेला, मी मात्र पायरेट्सपाशीच अडकलो.

तर फेब्रुवारी हा आमच्यासाठी गोड महिना असतो, कारण कुणीच अजून हरलेलं नसतं. तीसच्या तीस संघ स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाला, जमतात, अर्धे फ्लोरिडात, अर्धे अॅरिझोनात. पायरेट्स १९६९ पासून फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटन गावी. आधी पिचर आणि कॅचर हजर होतात, बाकीचे काही दिवसांनी. कारण पिचरचा हात हळूहळू तापवावा लागतो, आणि त्यानं टाकलेलं झेलायला समोर कुणीतरी पाहिजे. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात ज्या बातम्या येतात त्या खेळाच्या नसतातच, शरीरांच्या असतात. कुणाचा खांदा कसा आहे, कुणी किती वजन उतरवलं, कुणाचं मनगट अजून दुखतंय.

मामा मान खाली घालून दुसऱ्याच कुणाच्या पट्ट्याला भोकं पाडत होते. विचारलं, "काय वाचताय एवढं?"

मी सांगायला लागलो. स्पेन्सर हॉरविट्झ नावाचा पहिल्या बेसवरचा गडी डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून घेतला, आणि सरावाला सुरुवात व्हायच्या आतच त्याच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन. जुनं दुखणं होतं.

"म्हंजे घेताना उलटून बगितलं न्हाई," मामा म्हणाले.

आमच्या पायरेट्सकडं कॅचर तीन आणि जागा एक: जोई बार्ट, हेन्री डेव्हिस आणि एंडी रॉड्रिगेझ. डेव्हिस म्हणजे २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यांत आधी निवडलेला खेळाडू, आणि तरी जागा पक्की नाही. एंडीची गोष्ट वेगळी. २०२३ च्या डिसेंबरात त्याच्या कोपराचं मोठं ऑपरेशन झालं आणि २०२४ चा मोठ्या लीगचा पूर्ण हंगाम त्याचा बुडाला. आता तो परत येतोय, बातमी तीच होती.

"कोपराला काय झालतं?"

इथं मामांनी आरी खाली ठेवली. मी सांगितलं, कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट असतं. फेकून फेकून ते ताणतं, विरतं, एक दिवस तुटतं. १९७४ साली फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरनं टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा एक ऑपरेशन केलं, आजही त्या पिचरच्याच नावानं ओळखतात. हाडांना भोकं पाडायची, शरीरातल्याच दुसऱ्या जागची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, घ्यायची आणि त्या भोकांतून ओवून कोपर परत बांधायचं. टॉमी जॉन १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला.

मामा माझ्याकडं बघतच राहिले. मग फळीवरचा आमचा मिट काढला, मांडीवर घेतला आणि बोटानं भोकं दाखवत म्हणाले, "असं?"

"असंच."

"आन् वादी कुठली घेत्यात?"

मनगटाजवळची, म्हटलं, बऱ्याचदा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट आत वळवलं की मधोमध एक दोरी वर येते, ती. तिच्याशिवाय हाताचं फार अडत नाही, आणि काही लोकांना ती नसतेच. मामांनी लगेच करून बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांवर दोरी तट्ट उभी. माझ्याही. आमच्या कॅचरच्या डाव्या हातावर दिसली, उजव्यावर नाही. पोरगं घाबरलं. मामा म्हणाले, "घाबरतोस काय बे, डावीकडची घेतील की."

त्या दिवशी काम सुरू झालं. तो नववा दिवस होता. म्हणजे दिरंगाई होती ती कारागिरीची नव्हती, इच्छेची होती. मामांना वस्तू पटल्याशिवाय ते हात लावत नाहीत. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं असतं तर पाचवा स्टार राहिला असता.

काम मात्र बघत बसावं असं. म्हशीच्या कातड्याचा तुकडा काढला तो पाठीकडचा. पोटाकडचं कातडं मऊ असतं पण ताणतं, महिन्याभरात ढिलं पडतं. पाठीचं ताणत नाही. पाण्याच्या कुंडीत भिजवून, रापीनं एका दमात सहा-सात हात लांब वादी काढली. डावा अंगठा फुटपट्टीसारखा कडेला लावलेला, रापी स्थिर, आणि कातडंच ओढत नेत होते. वादीची रुंदी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी. मी मोजून बघितली, कारण मी तसला माणूस आहे. मग तिला मेण आणि एरंडेल चोळलं, टोक तिरकं कापून दाभणात घातलं आणि जुनी वादी ज्या वाटेनं गेली होती त्याच वाटेनं नवी नेली. जुनी पुढून निघतेय, नवी मागून शिरतेय. आधी फोटो काढायचा, खूण करायची, असलं काही नाही. "वाट जुनीच दाखवती," एवढंच बोलले.

एकदा त्यांनी विचारलं, कडेनं एक जादा पट्टी लावून देऊ का, मजबूत होईल. मी म्हटलं, नियम आहे, कॅचरच्या मिटचा घेर ३८ इंचांच्या वर नको. त्यांनी दोरी फिरवून मोजलं आणि तोंड वाकडं करून पट्टी परत ठेवली. कातड्याच्या कामात सरकार आलेलं त्यांना आवडत नाही.

अकराव्या दिवशी मिट मिळाला. दिसायला असा की पोरगा छातीशी धरून घरी घेऊन गेला. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला कळलं की तो मिटतच नाही.

हा दोष लिहिणं भाग आहे. मामांनी वादी टांग्याच्या तंगासारखी ओढली होती. घोड्याचा तंग ढिला राहिला तर टांगा उलटतो, त्यामुळं हाताला तीच सवय. पण मिटला थोडी सैल हवी असते, कारण बॉल आला की अंगठा आणि करंगळीकडची बाजू एकमेकींकडं यायला पाहिजेत. आमचा मिट परातीसारखा उघडाच. बॉल यायचा, आपटायचा, बाहेर. शिवाय एक गाठ आतल्या बाजूला आलेली, ती तळहाताला टोचायची. आणि एरंडेल जास्त झालेलं. शाळेजवळच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर पहिल्यापेक्षा नव्वद ग्रॅम जड. खुद्द बॉलच दीडशे ग्रॅमच्या आत असतो, यावरून अंदाज करा. "घट्ट करा" असं मीच सांगितलं होतं, हेही लिहितो.

परीक्षा, स्नेहसंमेलन यांत महिना गेला. त्या महिन्यात मिट कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवला, तेल थोडं उतरलं. मार्चमध्ये परत गेलो तेव्हा मामांनी एक शब्द न बोलता ठेवून घेतला. पैसे? "माझं चुकलं, पैसे कसले?" पण त्यांचा पहिला प्रश्न मिटचा नव्हताच. "तो कोपरवाला आला का खेळायला?"

आला होता. एंडी सरावात खेळत होता, आणि हॉरविट्झचं मनगट बरं होईपर्यंत पहिल्या बेसवर त्यालाच उभं करायचा विचार चालला होता. पण दुसरी बातमी वाईट होती. जॅरेड जोन्स, आमचा २३ वर्षांचा पिचर, आदल्या वर्षीच मोठ्या लीगमध्ये आलेला, त्याचं कोपर दुखायला लागलं होतं. तेच लिगामेंट. तुटलं नव्हतं, ताणलं होतं. आधी विश्रांती देऊन बघायचं ठरलं.

"न्हाई बसत," मामा म्हणाले. "ताणलेली वादी परत आखडत न्हाई. टाका पडणार."

मे महिन्यात त्याचं ऑपरेशन झालं. अख्खा २०२५ चा हंगाम गेला. मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या खेपेचं काम एका बैठकीत झालं, माझ्या समोर. वादी जाळीपाशी तशीच घट्ट ठेवली, अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटं सैल सोडली, गाठ बाहेर काढली. मग बॉल मधोमध ठेवून, जुन्या चादरीचा ओला तुकडा गुंडाळून लाकडी मोगरीनं ठोकत बसले. टप, टप, टप. मोठ्या लीगमधले खेळाडूही नवा ग्लोव्ह अशाच लाकडी हातोड्यानं ठोकून मऊ करतात. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. मग बॉल आत ठेवूनच सुतळीनं बांधून दिला आणि बजावलं, "चार रात्री सोडायचा न्हाई. लोणच्यावानी."

त्या चार रात्री मी ब्रॅडेंटनचे सराव सामने ऐकत होतो. हे सोलापूरकरांसाठी मुद्दाम लिहितो: वर्षात तेवढाच काळ आहे जेव्हा माणसाला माणसासारखं जागून जवळपास रोज पायरेट्स ऐकता येतात. सराव सामने तिकडं दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सुरू होतात, म्हणजे फेब्रुवारीत आपले रात्रीचे ११.३५. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढं सरकली की १०.३५. एकदा खरा हंगाम लागला की बहुतेक सामने संध्याकाळचे, तिकडचे ६.४० म्हणजे आपल्याकडं पहाटेचे ४.१०. पॉल स्कीन्स टाकणार असला तर मी त्या वेळीही उठतो. बायको म्हणते, एवढ्या पहाटे तू जत्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीलासुद्धा कधी उठला नाहीस.

स्कीन्सबद्दल थोडं लिहू द्या, कारण आमच्या कॅचरचा तो देव आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, २०२४ चा नॅशनल लीगचा (मोठ्या लीगचा अर्धा भाग) सर्वोत्तम नवोदित, ताशी शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटरच्या पुढं टाकणारा. गेल्या वर्षी सरावाला आला तेव्हा बातमी ही की एवढं असूनही तो आणखी दोन प्रकारचे पिच, म्हणजे बॉल टाकायच्या तऱ्हा, घोटतोय. पण आमच्या पोराला त्यातलं काही नको होतं. त्याला मी एकदाच सांगितलं की स्कीन्स हवाई दलाच्या अकादमीत शिकताना पिचिंगबरोबर कॅचरही होता. त्या दिवसापासून पोरगा मिट उशाशी घेऊन झोपतो, असं त्याची आई सांगते.

त्याच स्कीन्सनं २०२५ मध्ये नऊ डावांमागं सरासरी १.९७ धावा दिल्या. नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार सगळ्या तीस मतांनी मिळाला. आणि त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? तेही दहा. मागं उभी असलेली मंडळी धावा काढेनात तर पिचर काय करणार. संघाचा हिशेब ७१ विजय, ९१ पराभव. मे महिन्यात मॅनेजर बदलला, जुलैत क्लोजर (सामन्याच्या शेवटी येणारा पिचर) बेडनार न्यूयॉर्क यांकीजला आणि तिसऱ्या बेसवरचा हेज सिनसिनाटीला गेला. असो.

मिटचं सांगायचं तर वर्ष झालं. आठवड्याला चार सराव, पावसाळ्याचे दोन महिने सोडून. वादी कुठंही सुटलेली नाही. जाळी थोडी बसली, ती बसायलाच हवी होती. भरण जागेवर आहे. आवाज फट्ट येतो, पार्क मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. कडेला मुळातली कारखान्याची शिवण एका जागी उसवलीय, त्याचा मामांशी संबंध नाही. जड आहे, अजूनही जुन्यापेक्षा तीसेक ग्रॅम जड. पोराचं मनगट त्यानं तयार झालं असं मी त्याला सांगतो. खरं की खोटं, माहीत नाही.

दरम्यान आणखी तीन ग्लोव्ह करून घेतले. प्रत्येकी दोनशे ते तीनशे. त्यांत पहिल्या बेसचा जो होता तो सर्वांत छान झाला, कदाचित मिटवर हात बसला होता म्हणून. जाणार असाल तर आपला बॉल घेऊन जा, आणि शक्यतो तो ग्लोव्ह वापरणारं पोरगंही. कुठं सैल, कुठं घट्ट हे तोंडानं सांगू नका, झेलून दाखवा. तेल कमी लावा असं मात्र तोंडानंच सांगा, दोनदा. यूपीआय नाही, रोख न्या. गड्ड्याच्या दिवसांत आणि लग्नसराईत जाऊ नका, हलगीवाले, बँडवाले सगळे तिथंच रांगेत असतात आणि त्यांचा मान आधी.

परवा पुन्हा गेलो होतो, शॉर्टस्टॉपचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या गड्याचा, ग्लोव्ह घेऊन. यंदाचा, म्हणजे २०२६ चा, फेब्रुवारी जरा बरा आहे. संघानं चक्क हात सैल सोडलाय. ब्रँडन लाऊ टँपा बेकडून आलाय, रायन ओहर्नला दोन वर्षांसाठी घेतलंय, आणि कॉनर ग्रिफिन नावाचा शॉर्टस्टॉप आहे ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. वय १९. मामांनी नावं नुसती ऐकून घेतली.

"आन् तो, कोपर शिवलेला?"

जोन्स? या हंगामात कधीतरी परत येईल म्हणून वाट बघताहेत, म्हटलं.

"घाई नगं करू म्हणावं. वादी नवी असली की आधी वाकवत राह्यचं, मार द्यायचा न्हाई." मग शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह उलटा करून वास घेतला आणि खिळ्याला टांगला.

कधी येऊ, विचारलं.

"उद्या या."

मी घरी येऊन कॅलेंडरवर अकरा दिवसांनंतरच्या तारखेवर फुली मारली.